नथ्थूबापूंच्या मोटारीचा माग

नथ्थूबापू पाटील रोज सकाळी आपली मोटार उभी करत. चालवत नसत, उभी करत. खळ्यातल्या पत्र्याच्या छपराखालून ती बैलजोडी लावून ओढून आणायची, ओट्यासमोरच्या निंबाखाली रस्त्याकडे तोंड करून लावायची, चारी चाकांखाली दगड द्यायचे, धोतराच्या सोग्यानं दोन्ही दिवे पुसायचे, रबरी भोंगा एकदाच दाबायचा आणि मग ओट्यावर बसून दिवसभर तिच्याकडे बघत राहायचं. दिवेलागणीला पुन्हा बैलजोडी. तिच्या सावलीत शेळी बसलेली बापूंना चालत असे, माणूस टेकलेला चालत नसे.

नंदुरबारहून रनाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात मी शाळामास्तर होतो आणि बापूंच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोनेक वर्षं होती. पहिल्याच आठवड्यात मी भाबडेपणानं विचारलं, "बापू, ही चालवत का नाही तुम्ही?" बापूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात वहाणा घालून शिरलोय.

"मास्तर, चालाडाले कोनीबी चालाडी. उभी कराले अक्कल लागस."

खरं कारण गल्लीतल्या कुणीही सांगितलं असतं. मोटार चालवता येणारा घरात एकच होता, बापूंचा एकुलता एक मुलगा हिरामण. त्याच्याच हट्टापायी बापूंनी ती सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी विकत घेतली, आगगाडीनं नंदुरबारला आणवली. सहा महिने हिरामणनं ती पंचक्रोशीत फिरवली. मग एक दिवस म्हणाला, शेतीत माझं मन नाही, मी लॉरीवर ड्रायव्हर होतो. "पाटीलना पोऱ्या दुसरासन्या गाड्या हाकी?" एवढं एक वाक्य बापू बोलले असते तर निभावलं असतं. ते त्या दिवशी बरंच बोलले. हिरामण गेला. त्याला तीन वर्षं झाली होती. त्याचं नाव त्या घरात कोणी काढत नसे, आणि मोटार रोज उभी राहत होती.

बापूंची बायको, जिला सगळी गल्ली जिजी म्हणे, डोळ्यांनी जवळजवळ गेलेली आणि गुडघ्यांनी पुरती गेलेली. मधल्या खोलीत बाजेवर पडून असायची. पण कान असे, की रस्त्यानं कुणाची गाडी चालली ते बैलांच्या घुंगरांवरून सांगावं.

त्या पौषात बापू एका नातलगाच्या अस्थी घेऊन तापीकाठच्या प्रकाशा गावी गेले. छकड्यातून. मोटार दारात आणि मालक छकड्यात, यात त्यांना काही वावगं वाटत नसे. जाण्यापूर्वी मोटार मात्र नेमानं उभी केली. परत आले ते दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी. मी शाळेतून येत होतो. छकडा थांबला, बापू उतरले, आणि तिथंच उभे राहिले.

मोटारीचा डावा दिवा फुटून काचा धुळीत पडल्या होत्या. चाकावरचा पत्रा चुरगळून चाकात रुतला होता. आदल्या दुपारी, गाव शेतात कापूस वेचायला गेलेलं असताना, कुणीतरी ठोकर देऊन पळून गेलं होतं. उभ्या तालुक्यात त्या वेळी मोटारी आणि लॉऱ्या मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक चुकून इकडे यावी आणि तिला आदळायला दुसरी एकुलती एक सापडावी, याला काय म्हणायचं?

"मन्ही मोटार उभी व्हती, मास्तर!" बापूंचा आवाज फाटला. "उभी! तिनी कोनं काय बिघाडेल व्हतं?"

आतून जिजीनं हाक मारली, कुणीतरी आल्याचं तिच्या कानांनी टिपलं होतं. "मी सांगस, कोनी तरी उनं व्हतं."

"उनं व्हतं ना! ठोकीसन गयं!"

"तसं नही. दारशी उनं व्हतं."

"तू गप ऱ्हाय," बापू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते नंदुरबारला फौजदाराकडे गेले. फौजदार भला माणूस होता, पण त्याच्या समोर एक छापील कागद होता आणि कागदापुढे त्याचंही काही चालत नव्हतं.

"टक्कर झाली तेव्हा तुमच्या वाहनाचा वेग काय होता?"

"उभी व्हती."

"म्हणजे वेग?"

"साहेब, उभी!"

फौजदारानं टाक खाली ठेवला. म्हणाला, पाटील, कुणी पाहिलेलं नाही, नाव नाही, गाव नाही. मी कुणाला धरू? तुम्ही नाव आणा, मी त्याला आत टाकतो. बापू ताडकन उठले. "नाव आनसू. सहा महिने खडी फोडाले धाडसू त्याले!"

परतीच्या वाटेवर छकड्यात त्यांना एकदम आठवलं की नाव शोधायची रीत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. आमच्या त्या भागात पूर्वी चोरी झाली, की गावची राखण करणारा भिल्ल जागल्या चोराच्या पावलांचा माग काढी. पाऊल पुसलं जाऊ नये म्हणून त्यावर टोपली पालथी घालीत. माग शिवेपर्यंत गेला की पुढच्या गावाच्या हवाली करायचा. त्यांनी तो आपल्या शिवेपार काढून दाखवायचा. ज्या गावाला माग पुढे काढता येणार नाही, ते गाव त्या चोरीला जबाबदार. ही रीत केव्हाच मोडीत निघाली होती. बापूंनी ती मोटारीसाठी पुन्हा सुरू केली.

निंबापासून ओट्याच्या कोपऱ्यापर्यंत दोर बांधला गेला. घराच्या पुढच्या अंगणात कुणी पाय ठेवायचा नाही. घरच्यांनीसुद्धा मागल्या दारानं यायचं-जायचं. धुळीत उमटलेल्या लॉरीच्या रुंद चाकांच्या नक्षीवर अकरा टोपल्या पालथ्या पडल्या. त्यातली एक माझी, भाकरीची होती. गल्लीतल्या बाया पाण्याला लांबच्या वाटेनं जाऊ लागल्या आणि जाताना बापूंचा उद्धार करू लागल्या.

मग दित्याला बोलावलं. दित्या गावचा म्हातारा जागल्या, पाठीत वाकलेला. तरुणपणी त्यानं चोरीच्या बैलांचा माग तोरणमाळाच्या चढापर्यंत काढला होता असं लोक सांगत. जवळ एक काडी असे, तिच्यावर नखानं खुणा करून तो पावलाचं माप घेई. चाकाची नक्षी त्यानं बराच वेळ पाहिली. "बापू, याले पायच नही," तो निराशेनं म्हणाला. पण निघाला.

पहिल्या शिवेवर शेजारच्या गावचा पाटील चार माणसं घेऊन आला.

"काय चोराई गयं, बापू?"

"काही नही."

"मंग माग कशाना?"

"मन्ही मोटारना डोया फोडीसन पयना, त्याना."

"मोटार कोठे शे?"

"मन्हा दारशी."

पाटलानं आपल्या माणसांकडे पाहिलं. कुणी हसलं नाही, हे त्या गावाचे उपकार. त्यांनी आम्हांला चहा पाजला, दोन माणसं दिली आणि माग आपल्या दुसऱ्या शिवेपर्यंत पोचवला. बापू वाटेत भेटेल त्याला, विहिरीवरच्या बायांना, मेंढरं चारणाऱ्याला, ओरडून सांगत होते, "खडी फोडाले धाडसू! कोठेबी लपू दे!" दोन दिवस हेच चाललं. मी शाळेतून रजा टाकली होती. का टाकली होती ते मलाही सांगता येणार नाही. एवढ्या मोठ्या माणसाला एकट्याला ओरडत जाऊ देणं बरं वाटेना, एवढंच.

रनाळ्याच्या शिवेवर माग हरपला. आदल्या दिवशी तिथं बाजार भरला होता. शेकडो गाड्यांच्या चाकोऱ्या एकमेकींवर चढल्या होत्या. दित्यानं काडी कानावर खोचली आणि तो खाली बसला. बापूंनी रनाळ्याच्या लोकांना गोळा केलं, म्हणाले, माग तुमच्या हद्दीत हरपला, तुम्ही जबाबदार. लोक आता मात्र हसले. त्यांच्यातला एक म्हातारा बापूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बापू, तो जमाना नही ऱ्हायना आते."

बापू शिवेच्या दगडावर बसले. तोंड उतरून गेलं होतं. म्हणाले, "मास्तर, तीन वरीस मी तिले जपं. इतलंबी मन्हा हाते ऱ्हायनं नही."

घरी पोचलो तेव्हा दुपार टळत होती. दित्या दोराशी थांबला. म्हणाला, "आपन शेवट दखा, बापू. सुरुवात कोनी दखी?" आणि दोर उचलून तो आत शिरला. मोटारीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. वाकत वाकत ओट्याकडे गेला आणि तिथं गुडघ्यांवर बसला.

टक्कर झाली त्या दुपारी कामाची बाई ओटा नुकताच सारवून गेली होती. त्या ओल्या शेणात पावलं उमटली होती आणि आता वाळून घट्ट झाली होती. अनवाणी पावलं. ओट्याखाली धुळीत वहाणा काढून ठेवल्याची खूण होती. आम्ही सगळे तीन दिवस रस्त्याकडे बघत होतो, ओट्याकडे कुणीच पाहिलं नव्हतं.

दित्यानं काडी लावली. एकदा उजव्याला, एकदा डाव्याला. डावं पाऊल किंचित आत वळलेलं होतं. मग तो हळू आवाजात, जणू पावलांशीच बोलावं तसा, सांगू लागला. लॉरी आधी थांबली. माणूस उतरला, सावकाश वर आला. इथं, उंबऱ्याशी, दोन्ही पाय जोडून उभा राहिला. टाचा खोल रुतल्यात, बराच वेळ उभा होता. उंबरा ओलांडला नाही. परत जाताना चवडे खोल आहेत, म्हणजे पळाला. पळाला, घाईत लॉरी मागं घेतली, आणि ती मोटारीवर गेली.

"कोन शे?" बापूंनी विचारलं.

दित्या मान वर करेना. "हाऊ पाय मी वळखस, बापू. लहानपने निंबवरथीन पडना व्हता, तवय मीच त्याले खांदावर घर लई उनू."

बापू उंबऱ्याकडे बघत राहिले. तीन वर्षांपूर्वी ते जे बरंच बोलले होते, त्यातलं शेवटचं वाक्य साऱ्या गल्लीनं ऐकलं होतं: मन्हा घरना उंबरा पुन्हा वलांडू नको. पोरानं ऐकलं होतं. आईला भेटायला आला, उंबऱ्यापर्यंत आला, आणि बापाचा शब्द पाळून तिथूनच फिरला.

"माग आठे थांबना," दित्या म्हणाला. माग थांबतो ते ठिकाण जबाबदार, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

आतून जिजी म्हणाली, "आते तरी सांगा, कोन व्हतं?"

तीन वर्षांनी त्या घरात बापूंच्या तोंडून ते नाव निघालं. "हिरामण व्हता."

"मी तं पयलेच सांगं व्हतं," जिजी म्हणाली आणि रडू लागली.

रविवारी मी नंदुरबारच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यांमधून चौकशी करत फिरलो. एका आवारात कपाशीच्या गाड्या रिकाम्या होत होत्या, तिथल्या ड्रायव्हरनं सांगितलं. हिरामण एका व्यापाऱ्याच्या लॉरीवर होता. चार दिवसांमागे रनाळ्याला कुणीतरी बोललं, पाटील लॉरीवाल्याला शोधतोय, तुरुंगात घालणार आहे. त्यानं लॉरी तिथंच सोडली आणि गुजरातेत निघून गेला. कुठं, ते कोणाला ठाऊक नाही.

हे बापूंना सांगणं माझ्या वाट्याला आलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मन्हा आवाज त्यानापावत पोचना?"

"पोचला."

"खडी फोडानं बी आयकं त्यानी?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं, हे मला आज कळतं.

त्याच आठवड्यात फौजदार आपण होऊन आला. मागचा भाग ठेचलेली लॉरी त्याला सापडली होती. ड्रायव्हरचं नाव समजायला वेळ लागणार नाही, म्हणाला, फक्त तुमची सही हवी. बापूंनी हात जोडले.

"साहेब, मोटार मीच ठोकी."

"पाटील, तुम्हांला चालवता येत नाही ना?"

"नही. म्हनीसन तं ठोकाई गयी."

फौजदारानं माझ्याकडे पाहिलं. मी निंबाकडे. त्यानं कागदाची घडी केली, पाणी मागून प्यायला आणि गेला. मोटार त्यानंतर खळ्यात परत गेली नाही आणि दुरुस्तही झाली नाही. ओट्यावरची वाळलेली पावलं बापू कुणाला सारवू देत नव्हते, पण पहिल्या अवकाळी सरीनं ती नेली.

पुढे एका सकाळी शेजारून करवतीचा आवाज ऐकू आला. गावचा सुतार दारात बसून बापूंच्या घराचा उंबरा कापून काढत होता. सागाचा, पितळी फुलं ठोकलेला उंबरा. बाया कुजबुजत होत्या की पाटलाचं डोकं फिरलं, असलं अभद्र कुणी करतं का. मी धावत गेलो. म्हटलं, बापू, हे काय? त्याला निरोप धाडू, शब्द मागे घेतला म्हणून सांगू.

"पाटीलना शब्द मांगे लेता येस नही, मास्तर," बापू म्हणाले. "उंबरा काढता येस."

संध्याकाळी जिजीची विचारपूस करायला मी आत जाऊ लागलो. सवयीनं दारात पाय उंच उचलला आणि तोल जाऊन चौकटीवर आपटलो. बापूंनी माझा दंड धरून मला सावरलं.

"पाय उचलाडू नका आते," ते म्हणाले. "सरळ येवानं."

दोन वर्षांनी माझी बदली झाली. तोवर पावसाचं पाणी, धूळ, कोंबड्या आणि मी, सगळे त्या दारातून सरळ आत जात होतो. हिरामण आला नव्हता.