पुसणार न्हाई

आमच्या रिहे खोऱ्यातल्या रस्त्यावर फार्महाऊसच्या प्लॉटांची जाहिरात आहे : ‘शुद्ध हवा, निवांत जीवन’. तिच्यासमोर धोंडूतात्या एकदा सकाळपासून मोबाईल धरून उन्हात उभे होते. दुपारी खडीचा डंपर धुरळा उडवत गेला, त्या धुरळ्यातून एक मोटारसायकलवाला खोकत बाहेर आला आणि तात्यांनी फोटोचं बटण दाबलं.

“पाटी त्यांची, खोकला त्याचा. आमी नुसतं हुभं!”

भातशेती मुलांवर सोपवल्यापासून तात्यांचा हाच उद्योग. ‘येथे कचरा टाकू नये’ या पाटीखाली पिशवी रिकामी करणारे पंचायत सदस्य, भावी सरपंचाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला अंग घासणारी म्हैस, सगळे त्यांच्या मोबाईलमध्ये. लोक शिव्या देत, हातापाया पडत. तात्यांचं उत्तर ठरलेलं. “पुसणार न्हाई.”

माझ्या बायकोशी, सुमनशी, त्यांचं यावरूनच वाजलं. मी गावचं वाचनालय सांभाळतो, म्हणून गाव मला गुरुजी म्हणतं. रस्त्याकडच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ मीच रंगवलंय. तिथं तिचा कसलासा फोटो त्यांनी काढला. “पुसा म्हणते ना तात्या!” “न्हाई वैनी.” पुढं वर्षभर अबोला. तो फोटो मी कधी पाहिला नव्हता.

सुमन गेली. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावरच बसून राहिले. जो तो हात जोडून तिला शब्द देऊ लागला, “गुरुजींच्या जेवणाचं आमी बगू,” “वाचनालय बंद पडू देत न्हाई.” एकही कावळा शिवेना. ऊन चढलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिचं काय राहून गेलं, हे मला सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात तात्या पुढं आले आणि त्यांनी मोबाईल काढला. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. इथंही?

“लाज हाय का जरा?” माझा मेहुणा ओरडला.

तात्यांनी मोबाईल पिंडासमोर धरला, पण पडदा पिंडाकडे करून.

“वैनी, माज्यामुळंच अडलंय. ह्यो बगा. कुणालाबी दावला न्हाई. आता पुसतो.”

त्यांनी अंगठा पुसायच्या बटणावर नेला.

मी वाकून पाहिलं. माझ्या ‘शांतता राखा’खाली सुमन शेजारणीला टाळी देत, तोंड उघडं टाकून हसत होती. मागं खिडकीत मी. हातातलं पुस्तक मिटून तिच्याकडेच बघत होतो.

मी तात्यांचं मनगट धरलं. “पुसू नका.”

“पर वैनी…”

“तिला मी सांगतो.”

मागून कुणीतरी म्हणालं, कावळा शिवला. आम्हा दोघांचं तिकडं लक्षच नव्हतं.