धुरपा तरशिणीची दाढ

एका जंगलात, बाळांनो, दातांचा एक दवाखाना होता. तो सगळ्यांसाठी खुला होता. बाहेरच्या पाटीवर तसं लिहिलंच होतं, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती.

तिथले डॉक्टर म्हणजे सुतारपक्षी. त्यांची चोच फार हलकी. रोज सकाळी ते सिंहमहाराजांच्या जबड्यात शिरून दातांच्या फटी साफ करत, आणि तेवढ्यात महाराजांची एक डुलकी होई.

ओढ्यापलीकडे धुरपा नावाची तरशीण राहायची. मेलेली जनावरं उचलायची, हाडं फोडून फस्त करायची, हे तिचं काम. तिच्यामुळे जंगल स्वच्छ राहायचं आणि त्याच कामामुळे तिला कुणी दारात उभं करत नसे. असं का, ते मला विचारू नका. शहाण्यासुरत्या प्राण्यांनाही ते कधी सांगता आलेलं नाही.

एकदा धुरपाची दाढ ठणकायला लागली. गाल टम्म सुजला. हाड फुटेना, आणि हाड फुटलं नाही की तिच्या दोन पिल्लांच्या पोटात काही पडत नसे. तीन दिवस कळ काढून शेवटी ती दवाखान्यात गेली.

दारात कारकून ससा बसला होता. त्याने आधी नाकाला पान लावलं.

"तोंड स्वच्छ असेल तरच आत. नियम आहे."

"आरं बाबा, तोंड सोच्छ असतं तर हितं कशाला तडफडत आले असते?"

"मग स्वच्छ करून या."

"कुठं करू?"

"दातांच्या दवाखान्यात," ससा म्हणाला.

त्याला हसू नका. तो नियम वाचत होता, समजून घ्यायचं काम त्याच्याकडे नव्हतं.

धुरपाने तिथेच बसून असा गळा काढला की महाराजांची झोपमोड व्हायची वेळ आली. मग लगोलग एक समिती नेमली गेली. तिचं नाव 'उपेक्षित प्राणी दंतसेवा सुलभीकरण समिती'. हे नाव एका दमात म्हणता आलं म्हणून बगळेसाहेब अध्यक्ष झाले.

बगळेसाहेब पाहणीला निघाले ते ओढ्याच्या अलीकडेच थांबले. त्यांचा सगळा जन्म पाण्यात उभं राहण्यात गेला होता, पण त्या दिवशी त्यांना सर्दीची भीती वाटली.

"काय धुरपाबाई, दातांची काही तक्रार?" त्यांनी तिथूनच हाक दिली.

नेमकी तेव्हाच धुरपाच्या दाढेतून जी कळ निघाली ती थेट मेंदूत गेली. बिचारीचे ओठ मागे ओढले गेले, बत्तीशी बाहेर आली, डोळ्यांना धारा लागल्या. तोंडातून शब्द म्हणून फुटेना.

बगळेसाहेबांनी लिहून घेतलं, 'लाभार्थी मनमोकळी हसली. डोळ्यांत आनंदाश्रू. दात भरपूर आहेत.'

अहवाल वाचून समितीने एकमताने स्वतःचं अभिनंदन केलं. धुरपा उपाशी पिल्लांना पोटाशी घेऊन पडून राहिली. मला या गोष्टीचा राग येतो, बाळांनो, पण गोष्ट सांगणाऱ्याने रागावू नये म्हणतात.

आणि एक दिवस महाराजांच्या गुहेजवळच एक गवा मेला.

पहिल्या दिवशी कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी वारा फिरला. तिसऱ्या दिवशी महाराजांनी जेवण तसंच टाकलं आणि गरजले, "ती धुरपा कुठं मेलीय?"

"तिची दाढ दुखतेय, महाराज," कुणीतरी चाचरत म्हणालं.

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

पाव तासात सुतारपक्षी ओढ्यापलीकडे हजर झाले. सर्दी कुणालाही झाली नाही.

"आ करा, धुरपाबाई."

धुरपाने तोंड घट्ट मिटलं. गाल फाटायची वेळ आली होती, तरी तिने पंजाने मागे खूण केली. मागे ओढ्यापलीकडची सगळी बिऱ्हाडं उभी होती. हिरड्या सडलेली घोरपड, अर्धा सुळा तुटलेलं रानमांजर, किडक्या दातांची साळिंदराची पोरं.

"आधी ह्यास्नी बघा. म्या शेवटाला."

"अहो, पण तिकडे गवा..."

"गवा कुठं पळून चाललाय?"

डॉक्टर कामाला लागले. रांगेत सर्वांत मागे एक म्हातारं गिधाड उभं होतं.

"आजोबा, तुम्हाला तर दातच नाहीत!"

"न्हाईत, ठावं हाय," गिधाड म्हणालं. "पर 'आ करा' म्हणून आजवर कुणी इचारलं न्हाई. येकदा म्हणा की."

डॉक्टर म्हणाले. गिधाडाने चोच उघडली, मान डोलावली आणि ते समाधानाने घरी गेलं.

पाचव्या दिवशी धुरपाचा नंबर लागला. डॉक्टरांनी दाढ बघितली आणि त्यांची चोचच उघडी राहिली.

"एवढं सडेपर्यंत कुठं होता तुम्ही?"

"हितंच," धुरपा म्हणाली. "तुमी कुठं हुता?"

तात्पर्य: दात रोज घासावेत, नियम पाळावेत, रीतसर अर्ज करावा. एवढं करूनही दाढ दुखत राहिली, तर काम बंद ठेवून वारा राजाच्या गुहेकडे वळायची वाट पाहावी. दुखणं समजायला वरच्यांना कान लागत नाहीत, नाक लागतं.