तीस वर्षांचा बिटर्न

"डोळे बांधून उभं करा, नुसत्या आवाजावरून पक्षी सांगतो!" हे क्लिफर्ड टॅपस्कॉटचं ठरलेलं वाक्य. सेजमियरच्या पाणथळीवर तो तीस वर्षं येत होता. तिथल्या पक्षीमित्र मंडळाचा अध्यक्ष तोच आणि नियमही त्याचेच. नुसता ऐकलेला पक्षी मोजायचा नाही, डोळ्यांनी दिसला तरच! नोंदवहीत लिहायचं तेही पेनाने, म्हणजे मागाहून खाडाखोड नको.

पण बिटर्न! बोरूच्या उंच गवतात दडून बसणारा तो तपकिरी बगळा मंडळातल्या सगळ्यांना दिसला होता, अध्यक्ष सोडून. हे क्लिफर्डला जेवतानासुद्धा टोचायचं.

त्या शनिवारी पाऊस धो धो कोसळत होता. पक्षी बघायच्या लाकडी खोपटीत क्लिफर्ड आणि त्याची बायको बेरिल, दोघंच. बेरिल निवांत विणत बसली होती.

एवढ्यात बोरूतून घुमलं, "हूंऽऽऽ!"

"बिटर्न!" क्लिफर्ड ताडकन उठला. "तू हलू नकोस. मी बघून येतो."

"अरे, फाटकावर नवी पाटी होती. वाचलीस का?"

"इथल्या निम्म्या पाट्या मीच लिहिल्यात!"

चिखलात पोटावर सरपटत तो बोरूत शिरला. "हूंऽऽऽ!" आता अगदी जवळ! त्याने श्वास रोखून शेवटचा बोरू बाजूला सारला, तर समोर ताटाएवढं ओलं नाक! नाकाच्या मागे शिंगं. आणि शिंगांच्या मागे अख्खा वळू!

क्लिफर्डच्या तोंडचं पाणी पळालं. बाकी अंगावर भरपूर होतं! तो धडपडत, एक बूट चिखलात सोडून, खोपटीत घुसला. दार ओढून घेतलं, त्याला पाठ लावली आणि डोळे गच्च मिटले.

मागोमाग वळू आला आणि दाराला अंग घासू लागला. खोपटी करकरली.

"बेरिल, मी कधी काही बोललो असेन तर माफ कर!"

"कशाबद्दल? यादी मोठी आहे... अगं बाई! क्लिफर्ड, बोरूतून काहीतरी उडालं! तपकिरी, मोठं, मान आखडलेली. दाराशेजारच्या खिडकीसमोरूनच चाललंय!"

"पाय? हिरवट आहेत?"

"हो! वळून बघ ना!"

क्लिफर्डला रडू कोसळलं. एकीकडे तीस वर्षं, दुसरीकडे बेरिलचा जीव. "दार सोडलं तर तो आत येईल गं!" तो ओरडला, आणि वळला नाही.

"गेला बिटर्न," बेरिल म्हणाली.

थोड्या वेळाने बाहेर बादली खडखडली. "पर्सी, चल बाळा, खायला चल!" ही राखणदारीण ग्वेंडा. घासणं थांबलं. मग ग्वेंडाने बाहेरून दार ओढलं, आणि दाराला टेकलेले अध्यक्ष पाठीवर धपकन चिखलात पडले.

"टॅपस्कॉट साहेब!" ती ओणवी झाली. "वळू चरायला सोडलाय, पाटी लावली होती की! आणि दाराला कशाला टेकलात? ते बाहेर उघडतं. पर्सी दिवसभर ढकलत बसला असता तरी आत आला नसता."

क्लिफर्ड पावसाकडे बघत तसाच पडून राहिला. मग हळूच म्हणाला, "बेरिल, नोंदवहीत यातलं काही लिहिलं नाहीस ना?"

"लिहिलं की," बेरिल म्हणाली. "पेनाने."