राजवाड्यात कोंडा वर्ज्य जाहला त्याची हकीकत

श्री. जो सर्व जीवांस चोच देतो आणि तीत दाणा घालण्याचे काम मात्र माणसांवर सोपवितो, त्या जगन्नियंत्यास दंडवत घालून, शके सतराशे बावन्न, विकृतिनाम संवत्सरी, चैत्र मासी एके राज्यात जे वर्तले ते लिहिले असे. राज्याचे नाव पुसो नये. पुसून कोणाचे भले व्हावयाचे नाही.

तेथील श्रीमंत महाराजांस कुक्कुटांचा शौक लागला, आणि राजाचा शौक तो लहानसहान कैसा असेल, मग हुकूम सुटला जे राजवाड्यात कुक्कुटशाळा उभारावी आणि मुलखातली उत्तम पिले आणावी. वेशीबाहेर ठकूबाई म्हणोन एक विधवा कोंबड्या बाळगून होती, तिच्या तीन कोंबड्यांखाली एकतीस पिले उतरली होती, ती शिपायांनी डालग्यासकट उचलिली आणि कोंबड्या गावंढळ म्हणोन तेथेच टाकिल्या. ठकूने पाय धरिले की पिलांसवे मलाही न्या, आईवाचून ही जगायची नाहीत. तेव्हां तिला राखणदारीण नेमिली. आणि ती शहाणी बाई आपल्या लुगड्याच्या ओच्यात थोडा भाताचा कोंडा घेऊन आली, तो दारातच बाळंभट जोशी यांनी पाहिला. हे जोशीबुवा हुजूरचे मुहूर्त काढीत आणि हुजूरच्या मनात असेल तेच ग्रहांच्या मनात आहे ऐसे दाखवीत. ते बोलिले, "कोंडा हा रयतेचा घास. श्रीमंतांच्या पिलांस तांदूळ घालावा, तोही उखळात सात वेळा सडून शुभ्र केलेला." महाराजांस हे फार मानवले आणि कोंडा वर्ज्य जाहला.

मग पंधरवडा लोटला आणि पिलांचे पाय लटपटू लागले, ती गुडघ्यांवर बसू लागली, आणि एकेकाची मान मागे वळून पाठीस टेकली, चोच वर, डोळे आभाळास लागलेले. ठकू एकेकाची चोच उघडून घसा पाहू लागली. परंतु जोशीबुवांनी हात जोडिले आणि सांगितले जे ही पिले सूर्योपासनेस बसली, ऐसा योग शंभर वर्षांत येत नाही. महाराजांचे नेत्र भरून आले. दुसरे दिवशी सारा दरबार माना वर करून उभा राहू लागला, आणि फडणीस पायरी न दिसून पडले व त्यांचे दोन दात गेले, ते त्यांनी भक्तीच्या खाती घातले.

ठकूने हुजुरात अर्ज केला, "सरकार, ही उपासना न्हवं, दुखणं हाय. मानमोडीची साथ म्हणावी तर घसा घरघरत न्हाई, हगवण हिरवी न्हाई. घरी मागनं दोन पिलं उतरली, ह्यांचीच भावंडं, ती कोंडा खाऊन हुंदडत्यात. ह्यांच्या खाण्यातच काय तरी कमी पडतंय." दरबार हसला. जोशी बोलिले, "कमी? अगे, सात वेळा सडिलेला तांदूळ आहे!" हसण्यासारखेच होते ते, परंतु हसले ते भलतेच लोक.

मग तिने चोरून केले ते ऐसे. सहा पिले वेगळी काढिली, कारण धडधाकट पिले लोळणाऱ्यांस तुडवितात, आणि त्यांस मऊ पेंढ्यावर निजविले. उखळापाशी सांडलेला कोंडा कोमट पाण्यात भिजवून गाळला आणि कापडाच्या वातीने थेंब थेंब चोचीच्या कडेला सोडिला, मान हळू तळव्यावर धरून, ठसका लागू नये ऐशा बेताने. दुसरे दिवशी माना खाली आल्या. तिसरे दिवशी सहाही पिले भुई टोचू लागली आणि ठकूबाई एकटीच बसून रडली, सुखाने.

तितक्यात जोशीबुवा दर्शनास आले. त्यांनी सहा माना खाली पाहिल्या आणि बोंब ठोकली जे उपासनाभंग जाहला. महाराज तांतडीने आले आणि पुसते जाहले, "का गे, आमच्या पिलांचे लक्ष स्वर्गावरून मातीत कोणी आणिले?"

ठकू म्हणाली, "सरकार, दाणा खालीच असतो. वर बघून पिलू काय खाईल?"

या उत्तरास शिक्षा हवीच होती, आणि ती ऐशी योजिली जे तसे योजणारास कुत्र्यानेही हुंगू नये. सहा पिलांस पुन्हा शुभ्र तांदूळ लाविला, आणि तो तांदूळ सडावयास ठकूसच उखळापाशी बसविले. तिने आपल्या हातांनी कोंडा काढावा, शिपायाने तो मोजून नदीत सोडावा, आणि उठताना तिने लुगडे झाडावे. एकतिसांतली पिले एकेक करून गेली. काळ्या पंखाचे एक तेवढे तगले, कारण सांजेस ठकू पाणी ठेवावयास जाई तेव्हां ते तिच्या नखांत अडकलेला कोंडा टिपी. चार दिवस तेवढ्यावर त्याची मान सरळ राहिली. मग कोणी चुगली केली आणि राखणदारणीची नखे रोज काढावी ऐसा हुकूम जाहला. सातवे दिवशी ते पिलू तिच्या मांडीवर गेले, चोच वर करून.

एणेप्रमाणे एकतीस पिले स्वर्गी पोहोचली म्हणोन दप्तरी नोंद जाहली, जोशीबुवांस शालजोडी मिळाली, आणि नदीतले मासे त्या साली फार माजले. ठकूस घरी जाऊ दिले. पुढील चैत्री हुजुरातून नवी पिले मागविल्याची दवंडी वेशीबाहेर आली, तेव्हां तिने खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठविली, अंडी गार होऊ दिली आणि दाराशी बसून नखे वाढली आहेत का ते पाहत राहिली.