पिएराच्या मशीनला नवा पत्रा

इवालोच्या मेकॅनिकला फोन करायचा नाही, मशीन आपणच दुरुस्त करायची, असं एर्कीनं मार्चमधल्या एका सकाळी कॉफी पिता पिता ठरवलं. ठरवायला अर्धा कप कॉफी पुरली. निस्तरायला पाच आठवडे लागले.

मशीन म्हणजे सासऱ्यांची, पिएराची, बर्फावर चालणारी स्नोमोबाईल, वय वर्षं चौतीस. पिएरा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ती शेडमध्ये ताडपत्रीखाली मुक्काम करून होती. चाकांवरून फिरणारा रबरी पट्टा दोन जागी फाटलेला, पोटाखालचा पत्रा तलावातल्या कुठल्याशा खडकानं उभा चिरलेला. ती तशीच गंजून गेली असती. पण एका रात्री जेवताना सासूबाईंनी, म्हणजे मारेतनं, चमचा खाली ठेवला.

"ईस्टर झाला की मंगळवारी मी इवालोच्या वृद्धनिवासात जाणार. नाव घातलंय," ती म्हणाली. "त्याआधी एकदा बेटावर जाऊन यायचंय. पिएराच्या मशीनवर."

रिस्तेनचा, तिच्या मुलीचा, घास तोंडातच राहिला. "आई, तुला इथं काय कमी आहे?"

"काही नाही. म्हणूनच जाते. एकोणऐंशी वर्षांचं ओझं कुणाच्या अंगावर टाकू नये."

"बरं, ते नंतर बोलू. पण बेटावर माझ्या मशीनवरून जाऊ या ना. नवी आहे, सीटसुद्धा गरम होते."

"गरम सीटवर बसून मला नवऱ्याला भेटायला जायचं नाही," मारेत म्हणाली आणि चमचा परत उचलला.

त्या बेटापाशी तिनं आणि पिएरानं एक्केचाळीस हिवाळे बर्फाखाली माशांची जाळी लावली होती. त्यामुळे विषय तिथंच संपला. रिस्तेन भांडी घासताना रडली. एर्कीनं भांडी पुसली.

एर्कीचं दुखणं वेगळं होतं. बावीस वर्षांत मारेतनं त्याला एकदाही वाईट शब्द ऐकवला नव्हता. चांगलाही ऐकवला नव्हता. तो घरात होता, जसा फ्रीज होता. (फ्रीजचं निदान ती कधीमधी कौतुक करायची.) ती जाण्याआधी तिच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "बरं केलंस" ऐकावं एवढीच त्याची इच्छा होती. माणूस या वयात यापेक्षा जास्त काय मागणार?

शेजारच्या सामुलीला जुन्या मशिनी कळायच्या. त्यानं पट्ट्याबद्दल नीट समजावलं. "लांबी बघ, रुंदी बघ आणि भोकांमधलं अंतर बघ. चाकाचे दात त्या भोकांत बसले पाहिजेत. आणि हे बघ, पट्ट्याचे दाते बुटके घे. उंच दाते जुन्या मशीनला वर घासतात."

एर्कीनं लांबी बघितली, रुंदी बघितली, अंतर तीनदा मोजलं. दाते मात्र उंच घेतले, कारण त्या पट्ट्याच्या जाहिरातीत एक तरुण डोंगरावरून मशीनसकट हवेत उडालेला होता. एर्कीला उडायचं नव्हतं. पण उडता येईल एवढी सोय असावी, असं त्याला वाटलं.

पट्टा बसवला आणि तो वर घासला. मग काढला आणि घरात आणला, कारण शेडमध्ये उणे बावीस होतं आणि रबर ओंडक्यासारखं झालं होतं. स्वयंपाकघरात जमिनीवर फतकल मारून एर्की रोज संध्याकाळी सुरीनं एकेक दाता अर्धा करू लागला. दाते एकशे शहाऐंशी होते. रबराचा काळा चुरा गालिच्यात गेला, मोज्यांत गेला, शेवटी माशाच्या सूपमध्ये गेला. मारेतनं एक तुकडा चमच्यानं ताटलीच्या कडेला लावला आणि शांतपणे म्हणाली, "मिरी जाड राहिलीय."

दाते झाले. मशीन आडवी पाडून पट्टा पुन्हा चढवला.

"पट्ट्यावरचा बाण मागं दाखवतोय," रिस्तेन दारातून म्हणाली.

"मशीन आडवी आहे म्हणून तसं वाटतं."

"आडव्या माणसाचे पाय डोक्याकडे जातात का?"

पट्टा पुन्हा उतरवला, फिरवला, पुन्हा चढवला. असे पाच आठवडे जात असतात.

आता फक्त पोटाखालचा पत्रा राहिला होता. सामुलीनं जाड पांढऱ्या प्लास्टिकचा मोठा तुकडा आणून दिला. प्लास्टिक खडकावरून घसरून जातं, लोखंडासारखं अडकत नाही, असं त्याचं म्हणणं. "मशीनच्या पोटाला गोलाई आहे. हा तापव, मऊ पडला की पोटाला दाबून धर आणि थंडीत जाऊ दे. जो आकार घेईल तो कायमचा."

तापवायचा कशावर? गॅसच्या ज्योतीला घरातून बंदी होती. (भुवया परत आल्या होत्या, पण रिस्तेनचा विश्वास आला नव्हता.) आणि एर्कीला उजाडल्यासारखं झालं. सौना, अंगणातली वाफेनं अंघोळ करायची लाकडी खोली! नव्वद-शंभर अंश उष्णता, तीसुद्धा चहूबाजूंनी सारखी. ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी दोनला त्यानं सौनाची भट्टी पेटवली आणि मापानं कापलेला पत्रा वरच्या बाकावर आडवा टाकला. त्या बाकाची मधली फळी दोन वर्षांपूर्वी कुजली म्हणून त्यानंच काढली होती. नवी तो "उद्या" बसवणार होता. त्या फटीवर पत्रा कसा छान बसला.

मग जुने रिव्हेट काढायला तो शेडमध्ये गेला. रिव्हेट चिवट होते. आपण कामात आहोत, आपल्याला काम येतं, या सुखात त्याचा तास कसा गेला कळलं नाही. आणि आज शनिवार आहे हेही त्याच्या लक्षात राहिलं नाही.

शनिवारी धुराड्यातून धूर निघाला की सौना तयार, आणि घरात सर्वांत मोठं जे माणूस ते सर्वांत आधी आत, ही त्या घराची रीत होती.

एर्की शेडमधून बाहेर आला तेव्हा मारेत अंगावर टॉवेल गुंडाळून, लालबुंद चेहऱ्यानं, काठी टेकत अंगणातून घराकडे चालली होती. ती थांबली. तिनं त्याच्याकडे बघितलं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज मऊ झाला.

"बाक दुरुस्त केलास," ती म्हणाली. "मी अर्धा तास बसले. असं वाटलं, माझ्यासाठीच केलाय."

एर्की धावला. आत अंधूक उजेडात, वाफेत, पत्रा होता. फटीच्या जागी मधोमध दोन खोल, गोल, शेजारी शेजारी खळगे पडले होते. सासूबाईंनी खाली टॉवेल अंथरला होता, त्याची वीणसुद्धा उमटली होती. हातमोजे घालून तो पत्रा उचलून शेडकडे पळाला. निम्म्या अंगणातच पत्रा थंडीनं कडक झाला.

रिस्तेन आली, बघितलं आणि शेडच्या भिंतीला धरून खाली बसली. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि एकदम गंभीर झाली. "दुकानं आता मंगळवारी उघडतील. मंगळवारी आई जाणार."

"आधी लावून तर बघू," एर्की म्हणाला. त्याच्या आवाजात काही उरलं नव्हतं.

लावून बघितलं. त्या जुन्या मशीनच्या पोटाला दोन्ही बाजूंना गोलाई होती आणि मधे खाच. पत्रा असा बसला की मधे नखसुद्धा जाईना. एर्कीला कागदावर पाच आठवडे मापं काढूनही जे जमलं नसतं, ते मारेतनं अर्ध्या तासात बसल्या बसल्या केलं होतं.

"तिला कळता कामा नये," रिस्तेन म्हणाली.

"मेलो तरी सांगणार नाही," एर्की म्हणाला आणि रिव्हेट ठोकू लागला.

ईस्टरच्या सकाळी ऊन पडलं होतं. एर्की पुढं, त्याला धरून मारेत मागं, आणि रिस्तेन तिच्या नव्या मशीनवर पाठोपाठ. पिएराची मशीन खोकली, धूर सोडला आणि निघाली. पट्टा घासला नाही. बाण पुढंच होता. एका उघड्या खडकावरून पत्रा सरकन घसरून गेला तेव्हा एर्कीला आपल्या पाठीवर म्हातारीचा हात घट्ट झालेला कळला.

बेटाच्या काठाला बर्फ भुसभुशीत होता. तिथं मशीन पोटापर्यंत रुतली. मारेत उतरून बाजूला उभी राहिली. एर्कीनं आणि रिस्तेननं मशीन उचलून शेजारी ओढली.

आणि मग सगळ्यांनी बर्फाकडे बघितलं. पांढऱ्याशुभ्र बर्फात दोन खोल, गोल खळगे अगदी स्वच्छ उठले होते. मधे एक बारीक वरंबा.

रिस्तेन तलावाकडे बघू लागली. मारेत काठीवर रेलून, चर्चमध्ये उभी राहावी तशी, त्या खळग्यांकडे बघत राहिली.

"काल सौनात नवी फळी नव्हती," ती अखेर म्हणाली.

"नाही, आई."

"हे माझं आहे."

"हो, आई."

ती वळली. काठावरच्या ओंडक्यावर बसली, थर्मास उघडला, तिकडच्या रीतीप्रमाणे कपात चीजचे तुकडे टाकून वर कॉफी ओतली. पहिल्या कपातली थोडी बर्फावर सांडली, जिथं पिएरा जाळ्याचं भोक पाडायचा तिथं. मग त्यांच्याकडे पाठ करून कप तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. रडतेय की हसतेय, हे एर्कीला मागून कळेना आणि पुढं जायचा धीर होईना.

"रिस्तेन," तिनं हाक मारली. "मंगळवारी त्या इवालोच्या लोकांना फोन कर. मी येत नाही म्हणून सांग."

रिस्तेननं बर्फात गुडघे टेकून आईच्या मांडीत डोकं खुपसलं. एर्कीच्या डोळ्यांपुढं ते बेट, तो तलाव, सगळं धूसर झालं. पाच आठवडे, एकशे शहाऐंशी दाते, सगळं सार्थकी लागलं होतं.

"म्हणजे, आई," त्यानं विचारलं, "मशीनचं काम बरं झालंय ना?"

मारेतनं मुलीच्या केसांवरचा हात न काढता त्याच्याकडे वळून बघितलं.

"बाबा रे, तुझं काम पाच आठवडे डोळ्यांनी बघितलंय," ती म्हणाली. "आता तुझ्या भरवशावर या पोरीला टाकून मी जाऊ कशी?"