धर्माजीच्या खाचरातला जपानी

पोयखार गावच्या धर्माजीचं खाचर सरकारने निवडलं, ते सावलीमुळे.

जमिनीचा कस पाहिला असता तर कोंडाजीचं खाचर निवडलं गेलं असतं. पाण्याची सोय पाहिली असती तर उघाडीजवळची, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळची, खाचरं पुढे आली असती. पण तालुक्याहून जीप जिथवर येई, तिथे धर्माजीच्या बांधावर भेंडीचं एक डेरेदार झाड होतं, आणि त्याच्याखाली सात खुर्च्या मांडता येत. यांत्रिक शेती प्रात्यक्षिक अधिकारी अंजर्लेकरसाहेबांनी झाडाखाली उभं राहून वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि ‘जागा योग्य आहे’ असा शेरा दिला. ते साल एकोणीसशे त्रेसष्ट. देशाला तांदूळ हवा होता, आणि तो लवकर हवा होता.

ग्रामसेवक हरेश्वर हुकूम घेऊन आला. पडवीत टेकून त्याने तो गंभीरपणे वाचला. जपानी बनावटीचं मुठी धरून चालवायचं डिझेलचं नांगरणी यंत्र या खाचरात लावणीआधीची चिखलणी करून दाखवणार होतं. तोवर जमीन ‘मूळ स्थितीत’ राखायची होती. मूळ स्थितीत म्हणजे बैलाचा खूर लागू द्यायचा नव्हता.

“आनि पाऊस लागला म्हंजे?” धर्माजीने विचारलं.

“पावसाबद्दल काही लिहिलेलं नाही,” हरेश्वर म्हणाला. “म्हणजे पावसाला हरकत नाही.”

धर्माजी मान डोलावत राहिला. त्याला यंत्राचं कौतुकच वाटलं होतं. मोऱ्या आणि चांद्या, दोघेही बैल आता म्हातारे होत चालले होते. खाडीकाठच्या खारजमिनीचा चिखल मांडीला लागतो. त्यातून ते दरसाल निघत, पण दरसाल थोडे उशिरा निघत. एखादा लोखंडी गडी त्यांचा भार घेत असेल तर वाईट काय?

पावसाला हरकत नसल्यामुळे तो लागला. राबात पेरलेल्या भाताची रोपं, म्हणजे आवण, तरारून वर आलं. गावात सावड सुरू झाली. सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या खाचरात राबा, उद्या मी तुमच्या, दिवसाला दिवस. पोयखारात या दिवसांइतकं पक्कं नाणं दुसरं नव्हतं. धर्माजीच्या खाचराला हात लावायचा नव्हता, म्हणून तो, त्याची बायको आवडाबाई आणि बैल असे सगळे रोज दुसऱ्यांच्या खाचरात जात. कोंडाजीचं झालं, ठमाबाईचं झालं, खालच्या आळीचं झालं. प्रत्येक घर धर्माजीचं एकेक दिवसाचं देणेकरी झालं. आवडाबाई मनात हिशेब लावी: यंत्र येऊन चिखलणी करील, मग एका दिवशी सगळं गाव बोलावू, सकाळी वाकू आणि दिवेलागणीला खाचर हिरवं करून उठू.

फक्त आवण वाढत होतं. आवण लेकीसारखं असतं. वेळेत दुसऱ्या घरी गेलं तर फळतं. जास्त दिवस राबात राहिलं की त्याच्या ताटाला गाठ धरते, मग ते लावलं तरी रुसल्यासारखं उभं राहतं. लावणीच्या बायकांनी तेवढ्यात ओवी रचली,

“आवण गो उंच झालं, वाऱ्यानं मान डोले
साहेबाच्या सहीविना चिखलाशी कोण बोले?”

अखेर यंत्र आलं. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरलं आणि पुढे पोयखारला पोचायला त्याच्याकडे पाय नव्हते. तेव्हा धर्माजीने गाडी जुंपली. मोऱ्या आणि चांद्या यांनी आपला वारसदार आपल्याच पाठीमागे बसवून घरी आणला. वाटेत चढणीला चांद्या थांबला आणि त्याने मागे वळून एकदा पाहिलं, असं धर्माजी अजूनही सांगतो.

गावाने यंत्राचं नाव ‘जपानी’ ठेवलं. आवडाबाईने घरी आलेल्या पाहुण्यासारखं त्याच्या चाकांवर पाणी घातलं आणि कुंकवाचं बोट लावलं. तेवढ्यात हरेश्वर धावत आला.

“अहो वहिनी, पाणी नको! सरकारी मालमत्ता आहे. भिजता कामा नये.”

“चिखलात जायाचा हाय ना तो?”

“ते प्रात्यक्षिकाच्या वेळी. तोवर कोरडा ठेवायचा.”

कोरडी जागा गावात एकच होती, धर्माजीचा गोठा; त्याचं छप्पर नुकतंच शाकारलं होतं. मग जपानी गोठ्यात गेला आणि बैल बाहेर आले. समारंभाला प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळेना, म्हणून जपानीचा मुक्काम वाढला. मोऱ्या आणि चांद्या पडवीच्या वळचणीला अर्धे भिजत उभे राहिले. आवडाबाईने त्यांच्या पाठीवर घरातलं घोंगडं टाकलं.

“अवो, आता त्या जपान्याला पेंढा बी घालू का?” ती म्हणाली.

“घालून बघ,” धर्माजी म्हणाला. “खाल्लान तर बरा. आपल्यातला झाला म्हनायचा.”

प्रात्यक्षिकाच्या दिवशी भेंडीखाली सात खुर्च्या लागल्या. सगळं गाव बांधावर जमलं. बैलांना ‘मागासलेपणाचं दर्शन घडू नये’ म्हणून करंजाच्या आड बांधण्यात आलं. प्रमुख पाहुण्यांनी यंत्रयुगावर बोलता बोलता ऋषींच्या काळापर्यंत मजल मारली आणि परत यायला त्यांना बराच वेळ लागला. मग अंजर्लेकरसाहेबांनी बुटांवरून पँट दुमडली. जपानीचं हँडल फिरवलं गेलं. फट्, फट्, फट् असा आवाज झाला आणि बगळे उडाले. गावाने टाळ्या वाजवल्या. धर्माजीच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

जपानी खाचरात उतरला. दोन हात गेला, चार हात गेला, ऐटीत गेला. मग त्याची चाकं जागच्या जागी फिरू लागली, आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर तो थोडा खाली गेला. पाण्याला टेकल्यावर त्याने एक मोठा बुडबुडा सोडला आणि तो गप्प झाला. वर राहिली ती दोन मुठींची टोकं. ती साहेबांनी धरून ठेवली होती, कारण तेही मांडीपर्यंत आत होते.

“चिखल परिपत्रकापेक्षा खोल आहे,” साहेब म्हणाले. ते रागावले नव्हते. चिखलाने असं वागावं याचं त्यांना वाईट वाटलं होतं.

“खार हाय साहेब ही,” कोंडाजी बांधावरून म्हणाला. “बैलाचा पाय दोन खुरी आसतो, फाकतो आनि सुटतो. चाकाला खूर न्हाय.”

“ते नंतर पाहू. उभे काय राहिलात सगळे? हात लावा! दोर आणा!”

गाव उतरलं. गडी, बाया, सगळे. दोर आले. तेवढ्याने भागेना, तेव्हा करंजाआडून मागासलेपण सोडून आणण्यात आलं आणि जपानीला जुंपण्यात आलं. सरळ ओढला तर तो आणखी रुते, म्हणून आडवा ओढला. आडवा बांधाला अडला, म्हणून वळवला. अशा रीतीने मोऱ्या, चांद्या आणि अख्खं पोयखार जपानीला घेऊन त्या खाचरात दुपारभर फिरलं. एवढ्या पायांनी आणि खुरांनी तुडवल्यावर चिखल लोण्यासारखा झाला. ढेकूळ म्हणून औषधाला उरलं नाही.

शेवटी जपानी बांधावर आला. साहेबांनी खाचरात बोट बुडवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“उत्कृष्ट चिखलणी,” ते म्हणाले. “हरेश्वर, नोंद करा. प्रात्यक्षिक यशस्वी.”

फोटोग्राफर आलाच होता. जपानीला पुसून पुन्हा बांधाच्या कडेला उतरवलं. घसरू नये म्हणून दोर तसाच ठेवला आणि दोराच्या टोकाकडची माणसं व बैल यांना चौकटीबाहेर सरकायला सांगितलं. साहेबांनी मुठीवर हात ठेवला. ते हसले. फोटो निघाला. जीप गेली.

मग ठमाबाई बांधावर बसली आणि पाय धुताधुता म्हणाली, “धर्मा, आमचा दिवस झाला हां.”

“कंचा दिवस, ठमाकाकी?”

“तुझा दिवस देनं होता ना आमच्यावर? आज दिला. तुझ्याच खाचरात दिला. सगल्यांनी दिला.”

धर्माजीने साठवलेले सगळे दिवस जपानी ओढण्यात खपले होते. चिखल तयार होता, आवण तयार होतं, आणि लावायला दोनच माणसं होती, तो आणि आवडाबाई. दोघांनी लावायचं तर ते आवण पार म्हातारं झालं असतं.

“पन मी कुठं बोलावलं तुमाला? साहेबानं बोलावलं,” तो म्हणाला.

गावाने विचार केला. ठमाबाई तोंडाने फटकळ असली तरी सावडीच्या बाबतीत न्यायाची होती. “व्हय,” ती म्हणाली. “ज्यानं हाक मारली त्याचा दिवस. मग हा दिवस साहेबाचा. साहेबानं ‘व्हय, माझा’ म्हनून कबूल करावा, म्हंजे तुझे दिवस शाबूत. आमी उद्या लावनीला येऊ.”

दुसऱ्या दिवशी धर्माजी तालुक्याला गेला. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहाही सांगितला. ते भले गृहस्थ होते.

“म्हणजे मी तुमच्या गावाला एक दिवस देणं लागतो?”

“तसंच साहेब. निस्तं तोंडानं कबूल करा. दिवस फेडायचा तवा फेडा.”

साहेबांनी परिपत्रकांचा गठ्ठा चाळला. “डिझेल आहे, मंडप आहे, चहापान आहे. ‘दिवस’ असं काही नाही. जे आमच्याकडे नाही ते मी कबूल कसं करू? पण श्रमदान सप्ताहात कचेरीतले सगळे येऊ शकतील. ऑक्टोबरात.”

“आवन तवर ऱ्हानार न्हाय साहेब.”

“कसलं आवण?” साहेब गोंधळले. “तुमच्या खाचराची लावणी झाली ना? प्रात्यक्षिक यशस्वी म्हणजे लावणीसकट यशस्वी. वर कळवलंसुद्धा. आता तुम्ही पुन्हा लावलंत तर ती दुबार लावणी होईल, धर्माजी. त्याला वेगळी परवानगी लागते.”

धर्माजी चहा पिऊन घरी आला. ओटीवर बसला.

“काय म्हनाला सायेब?” आवडाबाईने विचारलं.

“आपली लावनी झाली म्हनाला.”

आवडाबाईने राबाकडे पाहिलं. आवणाच्या शेंड्याला पिवळी झाक आली होती. तिने पदर खोचला, बांधावर गेली आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक दिली.

“ऐका गो बायांनो! सायेबाचा दिवस माझ्या नावावर! समद्यांचा फेडीन, पन उद्या लावनीला या!”

“अगो, तुझ्या नावावर का?” ठमाबाई ओरडली. “तुझी काय चूक?”

“मंग तुमी सांगा, चिखल कुनाच्या नावावर कोरडा करू?”

सकाळी सगळ्यात आधी ठमाबाईच खाचरात उतरली, आणि सगळ्यात जास्त कुरकुरली तीही तीच. दिवेलागणीला खाचर हिरवं झालं.

आवडाबाईने ते दिवस फेडले. तण काढायच्या बेणणीला फेडले, कापणीला फेडले, झोडणीला फेडले. गौरी येऊन गेल्या, दिवाळी येऊन गेली. ती कुणाच्या ना कुणाच्या शेतात वाकलेली असे. तिचं स्वतःचं आवण गाठ धरून लागलेलं, त्यामुळे लोंब्या निम्म्या पोचट निघाल्या. साहेबांनी मात्र उत्पन्नाचा अंदाज भेंडीखाली उभं राहून काढला. तो विक्रमी होता. ऋतू संपल्यावर मोऱ्या आणि चांद्या यांनी जपानीला रेवसला पोचवलं. आता तो दुसऱ्या गावी यशस्वी होणार होता.

फोटो वर्तमानपत्रात आला. शाळेच्या भिंतीवर लावला, तेव्हा सगळं गाव पाहायला गेलं. प्रत्येकाने स्वतःला शोधलं आणि कुणीच सापडलं नाही. चौकटीच्या कडेला ताणलेला दोर मात्र स्पष्ट दिसत होता. ठमाबाईने तिथेच ओवी घातली,

“फोटूत दिसे जपानी, हसतो साहेब थोर
सांग ना गो बाई, होता कुनाच्या हाती दोर?”

हा फोटो आपणही पाहिला असेल. सकाळच्या चहाबरोबर. ‘बघा, देश कुठल्या कुठे चालला,’ असं म्हणून आपण पान उलटलं असेल, आणि दुपारी भात जेवला असाल. दोर कुठे जातो, हे काही आपण विचारलं नाहीत.

आवडाबाईने साऱ्या गावाचे दिवस फेडले, पण हिशेब मिटला असं ती मानत नाही. तिच्या मते, ज्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ज्यांनी भात खाल्ला, त्यांच्याकडूनही एकेक दिवस निघतो. आपला अजून आलेला नाही. येत्या लावणीला या. रेवसला उतरलात की गाडी न्यायला येईल. बैल तेच आहेत. येताना जुने कपडे घाला. चिखल अजूनही परिपत्रकापेक्षा खोल आहे.