घाटावरचे अण्णा

आमचे शेजारी केरबाअण्णा नांदेडच्या नळाचं पाणी पिताना डोळे गच्च मिटून घेतात. लहान मुलं कडू औषध घेताना मिटतात तसे. मग पेला खाली ठेवतात, मिशी पुसतात आणि म्हणतात, "खालचं काही खरं न्हाई!"

हे 'खालचं' म्हणजे आम्ही. लातूरकडून नांदेडला यायचं तर बालाघाटाचा डोंगर उतरावा लागतो. जग काय ते त्याच्या वर, खाली सगळा आनंदीआनंद, असं अण्णांचं ठाम मत. अण्णा रेणापूर तालुक्यातले. आता हा डोंगर म्हणजे काय, तर लोहा सोडल्यावर रस्ता जरा चढतो, वळणं घेतो आणि एस.टी.त डुलक्या घेणारा माणूस जागासुद्धा होत नाही. पण अण्णा त्याबद्दल असं बोलतात, जणू पलीकडे जायला परवाना लागतो!

आमची भाकरी जाड. आमच्या रिक्षावाल्यांना वळण नाही. आमच्या हवेत दम नाही. एकदा माझ्या बायकोने कौतुकाने वरण पाठवलं, तर रिकामं भांडं परत देताना म्हणाले, "चांगलं होतं सूनबाई. पर डाळ लातूरची असंल." बायको जन्माची नांदेडची. त्या दिवशी आमच्या घरात जे भांडण झालं त्याला सर्वस्वी अण्णा जबाबदार आहेत. अहो, ज्या गावात राहायचं, जिथलं खायचं, त्यालाच बारा महिने नावं ठेवायची, ही कुठली रीत?

"मग राहता कशाला इथं?" असं एकदा अगदी तोंडावर आलं होतं. गिळलं, कारण उत्तर माहीत होतं. अण्णांची बायको वारली आणि गावच्या घरात त्यांना दोन शब्द बोलायलाही कुणी उरलं नाही. एकुलती लेक सुनंदा नांदेडला दिलेली. तिने आणि जावयाने दोन वर्षांपूर्वी हट्टाने त्यांना खाली आणलं. शेत पुतण्याला कसायला दिलं. लेकीच्या घरी राहतो, हे अण्णांना मनातून आवडत नाही, आणि त्याचा राग आमच्या अख्ख्या शहरावर निघतो.

हा राग ऐन भरात बघायचा तर येळवशीला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडे त्या दिवशी बाजार ओस पडतो आणि सगळी माणसं रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायची, तिच्यात पूजा मांडायची, शेताभोवती अंबील शिंपडायची आणि वाटेने जाणाऱ्याला हाक मारून भाकरी आणि भाज्या-शेंगा एकत्र शिजवून केलेली भज्जी खाऊ घालायची. आमच्या शहरात मात्र त्या दिवशी ऑफिसं चालू. गेल्या वर्षी अण्णा गच्चीवरून ओरडत होते, "येळवशीला डबे घेऊन कामावर जाऊन राहिले! माणसं हाईत का कोण हाईत?"

औंदा रानात जायचंच, असं त्यांनी जाहीर केलं. जावयाला रजा मिळेना, म्हणून चालक म्हणून माझी निवड झाली. "चला सर. माणसं कशी असतेत ते दावतो."

घाट चढताना त्यांनी गाडीची काच खाली केली. "हवा बगा!" हवा तीच होती. "अंबील शिंपडायचा मान माझा. बापाच्या माघारी मडक्यातली अंबील दुसऱ्यानं शिंपडली न्हाई. गेल्या दोन साली जाणं झालं न्हाई, तेवढंच," असं ते वाटेत तीनदा तरी म्हणाले.

रानात पोचलो. पुतण्या धावत आला. "या, या पाव्हणं!" मला वाटलं, मला म्हणतोय. तो दोघांना म्हणत होता. आम्हाला एकाच घोंगडीवर बसवलं. पूजा झाली तसे अण्णा धोतर सावरत उठले आणि त्यांनी मडक्याकडे हात केला.

"तुमी बसा की काका," पुतण्या हसत म्हणाला. "एवढ्या लांबून आलाव. पाव्हण्यानं कशाला तरास घ्यायचा?" आणि मडकं उचलून तो बांधाकडे गेलासुद्धा.

शेत अण्णांचं, विहीर अण्णांनी खणलेली आणि पाहुणे कोण, तर अण्णा! मी घाटाखालचा माणूस, पण माझं डोकंच फिरलं. उठून त्या पुतण्याला दोन शब्द सुनावणारच होतो. अण्णांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. डाळीवरून नांदेड डोक्यावर घेणारा हा माणूस घोंगडीची घडी सारखी करत बसला. भज्जी झकास होती, हे कबूल करायला हवं. पुतण्याच्या बायकोने आग्रह करकरून वाढली. तिथं वाईट कुणीच नव्हतं, म्हणून मला आणखीच चीड आली.

परतताना अहमदपूर मागे पडलं. अण्णांच्या मांडीवर सुनंदासाठी बांधून घेतलेला भज्जीचा डबा. उतार लागला तेव्हा म्हणाले, "सर, ल्हानपणी सुनंदा माझ्यासंगं मडकं घेऊन शेतभर फिरायची. लगीन झाल्यावर पहिल्या येळवशीला आली, तशीच उठली मडकं घ्यायला. मी म्हनलो, तू बस बाई. तू आता पाव्हणी."

मी गाडी हळू केली.

"बसली बिचारी. मला वाटलं, मी लेकीचा मान ठेवला." त्यांनी मांडीवरचा डबा सरळ केला. "असं लागतंय व्हय ते," म्हणाले.

घरी सुनंदाने दार उघडलं. डबा हातात घेत म्हणाली, "दमला असाल अण्णा. बसा, चहा आणते."

"चहा मी ठेवतो," अण्णा म्हणाले. "मला पाव्हणा करू नको, बाई."

ते तसेच स्वयंपाकघरात शिरले. दोन वर्षं त्या घरात राहूनही साखरेचा डबा कुठं असतो, हे त्यांना लेकीला विचारावं लागलं.